तांबडगावची ताठ मानेची प्रार्थना

वाकून बघू नका, आत काही नाही. हे धान्याचं पेव, कधीचं रिकामं पडलंय. उपकारस्तुतीच्या, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायच्या सणाला आमची पोरं याच्याभोवतीच जेवायला बसतात. डोळे मिटतात, हात जोडतात, पण मान खाली घालत नाहीत. बाहेरून आलेल्या चर्चच्या पाळकांना ते खटकतं. खटकू दे!

फार जुनी गोष्ट सांगतात. दुष्काळ पडला होता आणि हे पेव होतं इनामदाराचं. आठवड्यातून एकदा तो झाकण काढायचा, घरटी ज्वारी मोजून द्यायचा. अट एकच. पोरांनी पुढं यायचं, मान खाली घालायची आणि म्हणायचं, ‘उपकार झाले, मायबाप.’

आमची वस्ती तेव्हा नुकतीच ख्रिस्ती झालेली. त्यात सारूबाई म्हणून एक विधवा होती, तिची मुलगी मार्था. एकदा जेवणाआधी सारूबाई म्हणाली, “आभार मान, बाई.” पोरीनं मान खाली घातली आणि म्हणाली, “इनामदार मायबाप, तुझे उपकार.”

“अगं, देवाला सांग की!”

“तोच ना देव? भाकर तोच देतो.”

पोरीचं तरी काय चुकलं? दोन्हीकडं मान खाली, दोन्हीकडं उपकार. पण सारूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणे ती म्हणाली, “उपाशी मरेन, पण माझ्या लेकराचा देव हा माणूस होऊ देणार नाही.”

पुढच्या वाटपाला मार्था पेवापाशी मान ताठ ठेवून, तोंड मिटून उभी राहिली.

इनामदार गरजला, “हिला उपकाराची भाषा येत नाही काय?”

“येते की,” सारूबाई म्हणाली. “घरी दोन्ही वेळा बोलते. ही ज्वारी देवानं पिकवली. हिच्या मेलेल्या बापानं पेरली, मी खुडली. तुम्ही नुसतं झाकण उघडलंत.”

मायलेकींची ज्वारी बंद झाली. काही जण सांगतात, मग आभाळातून दाणे पडले. थापा! काही पडलं नाही. दोघींनी आठ दिवस रानातला तरोट्याचा पाला उकडून खाल्ला, आणि त्या पाल्यासाठीही देवाचे आभार मानले, मान वर करून. ते सगळ्या वस्तीनं पाहिलं. पुढच्या वाटपाला वस्तीतलं एकही पोर वाकलं नाही.

इनामदार लालबुंद झाला. पण पेरणी तोंडावर आलेली, आणि औत धरणारे हात याच लोकांचे. मुकाट्यानं त्यानं सगळ्यांना ज्वारी मोजून दिली, सारूबाईलाही.

त्या दिवशी भाकरीपुढं मार्थानं देवाचे आभार मानले, बापाचे मानले, आईचे मानले. आणि कुणी न शिकवता पुढं म्हणाली, “देवा, इनामदारालाही आभार मानायला शिकव.”

इनामदारी गेली, त्याचं घराणंही गाव सोडून गेलं. आजही आमची पोरं प्रार्थनेच्या शेवटी तेच म्हणतात. फक्त त्याच्या नावाच्या जागी, त्या वर्षी गावात जो कुणी मायबाप म्हणवून घेत असेल, त्याचं नाव घेतात. मोठ्यानं.