ठकूने सटवाईला विचारलं

एकदा काय झालं, एका गावात ठकू नावाची कोष्टीण राहायची. नवरा पिराजी मागावर लुगडी विणायचा, ती त्याला सुताच्या कांड्या भरून द्यायची. हुंकार द्या रे, नाहीतर मी गप्प बसेन.

तर ठकूला दिवस गेले. हौसेने तिने बाळासाठी आधीच कुंची शिवून ठेवली. पण तिसऱ्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. मग पुन्हा दिवस, पुन्हा कुंची, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर सातवा लागला होता. तेही गेलं.

मग सासू म्हणाली, "जन्माआधी कुंची शिवतं का कुणी? तूच खाल्लीस तिन्ही." उचलली जीभ, लावली टाळ्याला. ठकूच्या मात्र ते मनात रुतलं. शेजारणी तिला बारशाला बोलवेनात. पिराजी तर बोलेचना. खाली मान घालून माग ठोकायचा. ठकूला वाटलं, यालाही माझाच राग आलाय.

शेवटी एकदा पिराजी बाजाराला जातो म्हणून निघाला, तशी ठकू निघाली सटवाईकडे. पाचवीला येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते ना, ती सटवाई. रानात तिचं ठाणं. लोक म्हणायचे, तिला विचारावं, माझं काय चुकलं. पण चूक निघाली तर माणूस तिथल्या तिथे दगड होतो, बरं का.

नदी लागली, ती ओलांडली. मग काटवन लागलं, तेही ओलांडलं. मग लागले दगड. बायकांच्या आकाराचे, गुडघ्यात मान घातलेले. ठकूने एकेकीकडे पाहिलं. तरी ती गेली.

तर पुढून आवाज आला, पिराजीचा. बाजाराला गेलेला पिराजी सटवाईपुढे हात जोडून उभा! म्हणत होता, "आई, मागासाठी मी उंबर तोडला. त्याचंच पाप लागलं ना माझ्या लेकरांना?"

ठकूला वाटलं, आता हा दगड होणार. धावत जाऊन तिने त्याचं तोंड दाबलं. "त्यांचं नाही आई, माझं चुकलं. मी कुंच्या शिवल्या. मला कर दगड."

"तू गप्प बस," पिराजी म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा," ठकू म्हणाली.

मग दोघं डोळे मिटून उभी राहिली. आता पाय जड होतील, आता होतील. काहीच होईना.

सटवाई म्हणाली, "उंबर तोडून मूल जात नाही, कुंची शिवूनही जात नाही. तुमचं दोघांचं काही चुकलं नाही."

"मग ती का गेली?" ठकूने विचारलं.

"ते मलाही ठाऊक नाही गं. माझ्यापर्यंत ती आलीच नाहीत."

"आणि हे दगड?"

"मी नाही केले. त्या बायका इथवर आल्या, पण विचारायची हिंमत झाली नाही. मनात घोकत बसल्या, त्या बसल्याच."

मग काय, ठकू पोटभर रडली. पिराजीही रडला. हसू नकोस रे, बापई माणूसही रडतो.

परत येताना ठकू म्हणाली, "मधल्याचं नाव मी मनात केरबा ठेवलं होतं."

"केरबा कसला? मी त्याला सोनबा म्हणायचो."

असं भांडत भांडत दोघं घरी आली. बोलायला लागली, एका ताटात जेवायला लागली, सुखाने नांदली. पुढे मूल झालं का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण तिघांची नावं ठरली हो, भांडून भांडून ठरली. आता पाय पांघरुणात घ्या आणि झोपा.