काडेपेटी आणि दोन अंडी

मिरजेच्या निवृत्त नर्स सिंधूताई मगदूम यांनी लेकीला नोकरीवर जायला छोटी गाडी घेऊन दिली, आणि व्याही आबासाहेब इंगवले भडकले. आपल्या धिप्पाड गाडीतून उतरत अंगणातच गरजले, "विहीणबाई, या काडेपेटीला धडक बसली तर माझी सून वाचेल? पटवून द्या, नाहीतर गाडी परत करा!"

सिंधूताई आतून दोन डबे आणि दोन अंडी घेऊन आल्या. लहान डब्यात अंडं फडक्याने गच्च बसवलं, मोठ्या पितळी डब्यात दुसरं नुसतंच ठेवलं.

"हलवून बघा."

आबासाहेबांनाही आता कुतूहल वाटलं. त्यांनी दोन्ही डबे गदागदा हलवले आणि उघडले. मोठ्या डब्याला पोचासुद्धा आला नव्हता, पण आत अंडं फुटून बलक पसरला होता. लहानातलं अंडं शाबूत!

"डबा मोठा असेल तर चांगलंच," सिंधूताई म्हणाल्या, "पण आतलं बांधलेलं हवं." आणि त्यांनी आबासाहेबांच्या गाडीचं दार उघडलं. पट्टा न बांधल्याची टुणटुण वाजू नये म्हणून सीटबेल्ट सीटच्या पाठीमागून नेऊन खाचेत अडकवलेला होता.

"माझी लेक पट्टा स्वतःला बांधते, आबासाहेब. तुमच्या गाडीत धडक बसली, तर सीट तेवढी नक्की वाचेल."