रिकाम्या शंखांचा महाल

त्या किनाऱ्यावर घर बांधायची पद्धत नव्हती. घर बदलायची होती. खेकडे शंखात राहत. अंग वाढलं की शंख आवळे. मग मोठा रिकामा शंख सापडला की सगळे त्याच्यापाशी रांग लावत, थोरला पुढे, धाकटा मागे. थोरला नव्यात शिरे, त्याच्या जुन्यात मागचा, मागच्याच्या जुन्यात त्याच्या मागचा. एका शंखात अख्ख्या आळीची सोय. ढकलाढकली काय, चिमटे काय, "काका, पोट आत घ्या!" काय, त्यापुढे लग्नघर शांत म्हणायचं.

रांगेत सगळ्यात मोठा गळा वाकडोबाचा. म्हणून बगळेसाहेब त्याच्याकडेच आले. दूरदेशच्या पाखरांसाठी त्यांना महाल उभारायचा होता, पांढराशुभ्र, आणि तोही किनाऱ्याला धक्का न लावता.

"वाकडोबा, कुणाच्या नांगीला चोच लागणार नाही, शब्द देतो. ज्यात कुणी राहत नाही तेवढेच शंख नेऊ."

"न्या की साहेब! रिकाम्यांचं काय लोणचं घालायचंय?" वाकडोबा खदखदला. आळीही हसली, आणि हसत हसत शंख वाहायला लागली.

बगळेसाहेबांनी शब्द पाळला, हे कबूल करायला हवं. एकही खेकडा खाल्ला नाही. महाल चकाकला. पाहुणी पाखरं गच्चीवर पिसं वाळवत "किती निसर्गरम्य!" म्हणू लागली.

अंगं मात्र वाढायची थांबली नाहीत. ज्याचा शंख आवळला तो दुसरा शोधायला वाळूपलीकडे गेला, तो गेलाच. शेवटी वाकडोबा एकटा उरला. आता चेष्टा करायची तरी कुणाची? स्वतःच्याच पोटाला म्हणे, "आवरा काका." पोट ऐकेना. आत राहावं तर श्वास कोंडे, बाहेर यावं तर उघड्या पाठीला ऊन भाजे.

एका दुपारी तो महालाच्या भिंतीशी गेला. तिथे त्याच्या मापाचा शंख होता, चुन्यात पक्का बसवलेला, तोंड बाहेर. वाकडोबा जुन्यातून सुटला, नागडाच भिंतीवर चढला आणि पाठमोरा आत शिरला. अगदी बेतशीर. फक्त चालता येईना.

"अय्या, हा हलतोय!" गच्चीवरून एक पाहुणी ओरडली.

"आम्ही इथलं काहीच बदललं नाही हो," बगळेसाहेब म्हणाले.

सवयीनं वाकडोबानं खाली पाहिलं. "हं, चला पुढचे! लाजताय काय?"

खाली त्याचा जुना शंख उघड्या तोंडानं पडला होता. एक लाट आली, त्याला हलवून गेली.

बगळेसाहेब खाली उतरले. त्यांनी शंखात डोकावून पाहिलं, चोचीत धरून तो हलवला, कुणी राहत नाही याची नीट खात्री करून घेतली. वाकडोबाच्या शेजारी भिंतीत एक भोक उरलं होतं. त्यात तो बसवला.