एका पत्राचा मायना

“...आणि या बाराशे जणांची नावं तुला तोंडपाठ आहेत?”

निवांतबुवांनी विचारलं, तसा रेवण हसला. तळ्यावर धुकं असं दाट उतरलं होतं, की मठाची ओसरीच पाण्यावर तरंगतेय असं वाटावं. त्या धुक्यात त्याच्या मांडीवरचा लॅपटॉप तेवढा उजळत होता, विहिरीच्या तळाशी चांदणी पडावी तसा.

“पाठ कशाला करायची, बुवा? एक्सेलच्या शीटमध्ये आहेत सगळी. नाव, गाव, ईमेल, मायना.”

“मायनासुद्धा?”

“हो की. पत्र एकच लिहायचं. नावाच्या जागी कंस, मायन्याच्या जागी कंस. मग पडद्यावरच्या या काळ्या खिडकीत हुकमाची एक ओळ टाइप केली, की ज्याचं त्याचं कंसात जाऊन बसतं. ज्याला त्याला वाटतं, हे मला एकट्यालाच लिहिलंय.”

“खाली सही कुणाची?”

“मठाच्या वतीनं माझी.”

“बरंय बाबा. साधूला आणखी काय हवं!” बुवा खुदकन हसले.

रेवण पुण्यात संगणकावर काम करणारा. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला पक्कं ठाऊक. तीन वर्षं अनुग्रह मागत होता. या खेपेला बुवांनी शब्द दिला होता : उत्सवाचं आवतण सगळ्यांना पोचव, मग ये.

आज ती एक ओळ टाइप केली, की झालं.

“आधी नुसतं दाखवतं हे, धाडत नाही,” रेवण म्हणाला. “चूक असली तर कळावी म्हणून.”

“वाच मग. मला कुठं अक्षर येतं?”

रेवण वाचू लागला. “श्री. बाळकू येडगे यांस, सप्रेम नमस्कार... सौ. गिरिजामावशींस, शिरसाष्टांग नमस्कार... चि. मल्हारीस, अनेक आशीर्वाद...”

बुवांचे डोळे मिटत चालले होते. नावं धुक्यात जात होती, एकामागून एक, बगळ्यांसारखी.

पुढच्या पत्राचं नाव रेवणनं वाचलंच नाही. “...उत्सवाला अवश्य यावं.”

बुवांनी डोळे उघडले. “या पत्राला तोंडच नाही की रे. कुणाचं?”

“सिद्धाप्पा... माझे वडील. मठाचे जुने भक्त, म्हणून यादीत आलेत. ईमेल माझ्या बहिणीचा आहे.”

“आणि मायना?”

“रिकामा ठेवलाय. सात वर्षं बोललो नाही आम्ही.” मग घाईनं म्हणाला, “असं करतो, रिकाम्या जागी सरसकट ‘सप्रेम नमस्कार’ घालतो. अडचण नाही.”

“घाल.”

रेवणनं बोट उचललं... ते तसंच राहिलं.

सप्रेम नमस्कार शेजाऱ्याला. व्याह्याला. दुकानदाराला. वसतिगृहातून तो घरी कार्ड लिहायचा, तेव्हा पहिला शब्द विचार न करता उतरायचा.

“सुचेना?” बुवांनी ओसरीच्या फरशीकडं हनुवटी केली. तिच्यावर दव साचलं होतं. “इथं लिहून बघ.”

रेवणनं बोटानं लिहिलं, तीर्थरूप. शेवटच्या अक्षराला पोचेतो पहिलं ओघळलं होतं. पुन्हा लिहिलं. पुन्हा ओघळलं. किती वेळा, कुणाला ठाऊक... धुकं वर उचललं गेलं, तळं दिसायला लागलं, आणि फरशीवर बोटाच्या ओल्या रेघांखेरीज काही नव्हतं.

त्यानं यादीतून वडिलांची ओळ काढली आणि बाकीची पत्रं सोडली. डोळ्याचं पातं लवेतो काम झालं.

“गेली, बुवा. एक राहिलं.” त्याची मान खाली होती. “म्हणजे अनुग्रह आता...”

बुवांनी लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं, झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण ओढावं तसं.

“बाराशेत तेवढं एकच पत्र तुझ्या हातचं, रेवण. ते धाडू नकोस... घरी घेऊन जा. मग ये.”