प्रोग्रॅमचा राहता पत्ता

"पण आक्का, स्वतःचाच पत्ता स्वतःला कसा माहीत नसतो?"

रणधीर पुण्याहून आला होता आणि आल्यापासून चिडलेला होता. नदीकाठच्या एका मठात अंध मुलींची छोटी शाळा चालते. उद्या तिथल्या नऊ मुलींची परीक्षा. प्रश्नपत्रिका मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्यानं हौसेनं लिहून आणला होता, आणि तो किती सोपा आहे हे भेटेल त्याला सांगूनही झालं होतं.

त्याच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम घडाघडा बोलायचा. मठातल्या तीन संगणकांवर मात्र मुका. एक विंडोजचा, एक लिनक्सचा, एक कुणीतरी देणगी दिलेला मॅक. तिन्हीवर एकच रड, आवाजाची फाइल सापडत नाही. आणि फाइल तर शेजारीच, प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये! काखेत कळसा म्हणतात तो हाच.

आक्का जन्मांध. एका कंपनीत तीस वर्षं सिस्टिमचं काम करून मग मठात शिकवायला आलेल्या. त्या ओसरीवर शेंगा सोलत होत्या.

"फाइल शोधतोय कुठं तो?"

"ज्या फोल्डरमधून सुरू केला, त्या फोल्डरमध्ये."

"ती त्याला हाक मारून सुरू करणाऱ्याची उभं राहायची जागा. त्याचं घर न्हवं."

"म्हणून मग त्याला कुठल्या नावानं हाक आली ते तपासलं. एका संगणकानं पूर्ण पत्ता दिला, दुसऱ्यानं नुसतं नाव, तिसऱ्यानं शॉर्टकटचा पत्ता. तिघांच्या तीन तऱ्हा. मला वेड लागायची पाळी आलीय, आक्का."

आक्का उठल्या. दोरीवरचा टॉवेल ओढून त्यांनी रणधीरच्या डोळ्यांवर करकचून बांधला.

"चल."

पायऱ्या उतरल्या, एक वळण, थोडं ऊन, पुन्हा वळण... आक्का थांबल्या.

"कुठं आहेस?"

"ओसरीच्या डाव्या अंगाला असणार."

"निघालास कुठनं, ते झालं हे."

तेवढ्यात स्वयंपाकीण गंगव्वांची हाक आली. "अवो इंजिनेर! च्या झालाय!"

"स्वयंपाकघरापाशी आहे मी!"

"हाक मारणारी कुठं आहे, ते झालं हे."

रणधीरचा हात टॉवेलकडे गेला. आक्कांनी मनगट धरलं.

"प्रोग्रॅमला डोळे असत्यात व्हय?"



त्याला लाज वाटत होती. एवढा शिकलेला माणूस, दिवसाढवळ्या अंगणात हरवलेला. शेवटी घसा खाकरून तो म्हणाला, "गंगव्वा... मी कुठं उभा आहे हो?"

"गोठ्याच्या दारात! फुडं पाऊल टाकू नगासा, शेण हाय!"

रणधीर तसाच उभा राहिला.

"म्हणजे... ज्याच्या घरात चालतोय त्यालाच विचारायचं? सिस्टिमलाच?"

"आणि ज्याच्या त्याच्या रीतीनं. विंडोजला विचारायची रीत वेगळी, लिनक्सची वेगळी, मॅकची आणखी तिसरी. मॅकनं शॉर्टकटच दाखवला, तर खरं घर कुठलं तेही खोदून विचार."

संध्याकाळपर्यंत त्यानं तीन रीतींचे तीन प्रश्न लिहिले. तिन्ही संगणक बोलायला लागले. रणधीरची छाती फुगली.

"आता याला स्वतःचा पत्ता पक्का ठाऊक आहे, आक्का."

"हूं," आक्का म्हणाल्या.

सकाळी परीक्षा सुरू झाली. एकेका संगणकाभोवती तिघी तिघी बसल्या. चौथा प्रश्न चालू होता. रणधीरला मेल्याला रिकामं बसवेना. बाहेर बसून, आपल्या लॅपटॉपवरून लिनक्सच्या संगणकात शिरून, तो प्रोग्रॅमच्या जुन्या प्रती पुसायला लागला. एक पुसली, दुसरी पुसली, तिसरी पुसली...

तिसरी जुनी नव्हती. आत बोलत होती तीच होती.

तिघींचा पेपर गेला, आपल्या हातानं गेला. तो कान लावून बसला. आवाज थांबला नाही. पाचवा प्रश्न सुरू झाला.

त्यानं सिस्टिमला विचारलं, हा प्रोग्रॅम राहतो कुठं? उत्तरात कालचाच पत्ता आला. त्याच्यापुढं एकच शब्द होता, 'पुसलेला'.

रणधीर अनवाणी धावला. परीक्षेच्या खोलीच्या दाराशी आक्का पाटावर बसल्या होत्या.

"आक्का! मी त्याला पुसून टाकलं! सिस्टिम म्हणते तो तिथं नाहीच. आणि तो बोलतोय! मग तो आहे तरी कुठं?"

आक्कांनी दाराकडे कान दिला. आत ब्रेलच्या पाट्यांवर टोच्यांची टकटक चालली होती...

"मुली लिहितायत?"

"लिहितायत."

"मग हळू बोल."