नदीकडची खिडकी आणि चौथा पुकारा

फोटो मागनं काढा पाव्हणं, आधी ही खिडकी बघा. एवढी मोठी काळ्या दगडाची कचेरी, पुढं अकरा कमानी, आणि नदीकडच्या सबंध भिंतीला हे एकच वेडंवाकडं भोक! मी बाबू तराळ, बत्तीस वर्षं या कोर्टात पट्टेवाला होतो. ऐका.

संस्थानच्या काळात ही भिंत यल्लप्पा नावाच्या पाथरवटानं बांधली. सांध्यात सुई जायची नाही, असं सांगतात. काम सरता सरता मुकादम बांबूच्या परांचीवरून पडून मेला. सकाळीच दोघांचं भांडण झालेलं, त्यामुळं ढकलल्याचा आळ यल्लप्पावर आला. खटला याच नव्या कचेरीत उभा राहिला. तो त्या वेळी नदीपलीकडं खाणीत होता, हे फक्त त्याच्या बायकोला, हनमव्वाला ठाऊक. फाशी टळायची ती तिच्याच साक्षीनं.

साक्षीच्या दिवशी नदीला पूर आला, नाव बंद झाली आणि हनमव्वा पलीकडंच अडकली. बाई सुके भोपळे बांधून केलेल्या सांगडीवर पाण्यात उतरली म्हणे! धारेनं तिला नेऊन टाकलं ते थेट या भिंतीच्या जोत्यावर. दोन्ही अंगाला पाणी, पुढं नवऱ्यानं बांधलेली भिंत. आत पट्टेवाल्यानं रिवाजाप्रमाणं रस्त्याकडं तोंड करून तिच्या नावाचे तीन पुकारे दिले. तिला एकही ऐकू गेला नाही.

तिनं दगड उचलून भिंतीवर ठोके घातले. दोन लागोपाठ, एक थांबून. खाणीत नवऱ्याला भाकरी खायला बोलवायची तिची ती रीत. पिंजऱ्यात भिंतीला टेकलेल्या यल्लप्पानं ते ओळखलं.

"सायेब, आली वो ती! भिंतीमागं हाय!"

मागं पूर, तिथं माणूस कुठला? पट्टेवाला बाहेर जाऊन बघून आला, दोन्हीकडं पाणीच, मागं जायला वाट नाही. जज्जसाहेबांनी 'साक्षीदार गैरहजर' लिहिलं, फाशी सुनावली आणि टाकाचं निब मोडलं. दुसऱ्या दिवशी यल्लप्पा फासावर गेला. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं तेव्हा हनमव्वा जोत्यावर सापडली. जिवंत होती हो! बोटांना नखं नव्हती.

साहेब तिच्या पाया पडले म्हणतात. काय पाहिजे विचारलं तर म्हणाली, "ही भिंत फोडा." गवंड्यांच्या पहारी वाकल्या, दगड हलेना. शेवटी तिनंच यल्लप्पाची छिन्नी घेतली. त्यानं कुठला दगड शेवटी बसवला ते तिला माहीत होतं. नऊ दिवसांत हे भोक पडलं. मग साहेबांनी पट्टेवाल्याला इथं उभं करून चौथा पुकारा द्यायला लावला, "हनमव्वा यल्लप्पा, हाजीर हो!"

"आलेय जी," ती म्हणाली. मेलेल्या माणसाच्या बाजूची साक्ष त्या दिवशी पुरी लिहून घेतली.

आजही या कोर्टात तीन पुकाऱ्यांवर गैरहजर लिहीत नाहीत. चौथा या खिडकीतून नदीकडं द्यायचा, मग नदी कोरडी का असेना. नवे वकील हसतात. हसू देत मेल्यांना! मी मात्र पुकारा देऊन भिंतीला कान लावायचो, आणि ठोका येत नाही याची खात्री झाल्यावरच आत सांगायला जायचो.