न मावळणारी सांज

सांगलीच्या वेशीवर रावसाहेब खटावकरांचा भलामोठा मॉल उभा राहत होता. कामाची सारी सूत्रं मृदुला टिपणीसच्या हाती होती. रावसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "आत घड्याळ नको, खिडकी नको. आत गेलेल्याला जो वेळेची आठवण करून देईल, त्याची नोकरी गेली म्हणून समजा!" त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मृदुलाने छतावर कधीच न मावळणारी सांज रंगवून घेतली. खाली कारंजं झुळझुळू लागलं आणि आकाशपाळणा ढगांतून तरंगल्यासारखा संथ फिरू लागला.

उद्घाटनाचा मुहूर्त होता अकरा वाजून वीस मिनिटांचा. "जरा नजर टाकून येतो," म्हणत रावसाहेबांनी मोबाइल ड्रायव्हरकडे दिला आणि दहा वाजता ते आत गेले. पाळण्यात बसले, ते बसलेच. जांभळ्या ढगांखाली त्यांना लहानपणीची जत्रा आठवत राहिली. इकडे दारात गुरुजी नारळ घेऊन ताटकळले.

एक वाजता रावसाहेब डोळे चोळत बाहेर आले आणि कडाडले, "मुहूर्त टळला! मला हाक का नाही मारली?"

"मारणारच होते, साहेब," मृदुला शांतपणे म्हणाली, "पण नोकरी गेली असती."